गळ्यातले दोन लाकडी मणी : स्काउट-गाइड शिक्षकाचे प्रमाणपत्र नेमके कशाचे?

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात शाळेच्या स्काउट पथकाशेजारून चालणाऱ्या शिक्षकाच्या गळ्यात कधीकधी स्कार्फच्या पुढे चामड्याची बारीक दोरी दिसते आणि त्या दोरीच्या दोन टोकांना एकेक लहानसा लाकडी मणी असतो. पालकांना तो गणवेशाचाच एखादा दागिना वाटतो. प्रत्यक्षात ते एका प्रमाणपत्राचे चिन्ह आहे. जगभर त्याला वुड बॅज म्हणतात, आपल्याकडे हिमालय वुड बॅज, आणि शिक्षकांच्या बोलण्यात नुसते ‘एच.डब्ल्यू.बी.’. शाळेतल्या मुलांना नेतृत्व शिकवणाऱ्या प्रौढ माणसाला हे काम जमते की नाही, हे ठरवण्याच्या ज्या मोजक्या जुन्या पद्धती जगात अजून चालू आहेत, त्यांपैकी ही एक आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेली ही पद्धत कशी चालते आणि तिचा कागद नेमका कशाची हमी देतो, हे समजून घेण्यासाठी आधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो : बी.एड. झालेल्या शिक्षकाला वेगळ्या प्रशिक्षणाची गरजच काय?

वर्गातल्या शिक्षकाला जे काम शिकवलेले असते, त्याच्या जवळजवळ उलट सवय स्काउट पथकात लागते. वर्गात शिक्षक समोर उभा असतो, तोच बोलतो, तोच फळ्यावर लिहितो, आणि गोंधळ झाला की तोच आवरतो. पथकाची रचना मात्र पेट्रोलवर उभी असते. पेट्रोल म्हणजे सहा ते आठ मुलांचा गट (गाडीत भरायच्या इंधनाशी गल्लत होऊन नव्या मुलांत दरवर्षी एकदा तरी हशा पिकतोच). या गटाचा नायक त्यांच्यातलाच एखादा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा असतो. स्वयंपाक कोणी करायचा, तंबूची दोरी कोणी ताणायची, नव्याने आलेल्या पाचवीतल्या मुलाला गाठ कोणी शिकवायची, हे सर्व तो ठरवतो. सर्व पेट्रोलांचे नायक एकत्र बसून पथकाचे कार्यक्रम, शिस्तीचे प्रश्न आणि जमाखर्च यांवर बोलतात, त्या बैठकीला ‘कोर्ट ऑफ ऑनर’ किंवा मानसभा म्हणतात. स्काउटमास्तर, म्हणजे पथक चालवणारा शिक्षक, तिथे सल्लागार म्हणून बसतो. मुलांचे चुकते आहे हे त्याला दिसत असते, उपाय त्याच्या जिभेवर असतो, आणि तरीही तो पुष्कळदा गप्प राहतो. कुठे गप्प राहायचे आणि कुठे मधे पडायचेच, हा निर्णय या कामाचा गाभा आहे. दोरी सैल बांधल्यामुळे तंबू रात्री कोसळणार असेल तर कोसळू द्यावा, पण चुलीजवळ रॉकेलचा डबा ठेवला असेल तर क्षणाचाही विलंब न लावता उचलावा. हा फरक पुस्तकातून पाठ करता येत नाही.

ही अडचण चळवळीच्या सुरुवातीलाच जाणवली होती. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर वेगवेगळ्या सामाजिक थरांतल्या सुमारे वीस मुलांचे एक प्रायोगिक शिबिर घेतले आणि त्यांना चार पेट्रोलांत वाटले. प्रयोग जमला, चळवळ अपेक्षेपेक्षा फार वेगाने पसरली, आणि मुलांपेक्षा मोठ्यांचाच तुटवडा भासू लागला. जे मोठे आले त्यांच्यापैकी अनेकांना मुलांकडून कवायत करून घेता येत होती, पण मुलांवर काम सोपवणे जमत नव्हते. पहिल्या महायुद्धाने ही उणीव आणखी वाढवली. १९१९ मध्ये विल्यम डी बोआ मॅक्लॅरेन या स्कॉटिश व्यावसायिकाने दिलेल्या पैशातून लंडनच्या सीमेवर, एपिंगच्या जंगलालगत, गिलवेल पार्क नावाची जुनी मालमत्ता विकत घेण्यात आली आणि त्याच वर्षी ८ सप्टेंबरला तिथे स्काउटमास्तरांचा पहिला वर्ग सुरू झाला. फ्रान्सिस गिडनी हा त्या जागेचा पहिला शिबिरप्रमुख. मॅक्लॅरेन कुटुंबाच्या चौकटीच्या कापडाचा एक तुकडा आजही गिलवेल स्कार्फच्या पाठीमागच्या टोकावर शिवलेला असतो, आपल्याकडच्या शिक्षकांच्या स्कार्फवरही. देणगीदाराचे नाव संगमरवरी फरशीवर कोरण्यापेक्षा ही पद्धत मला अधिक आवडते.

मण्यांची गोष्टही तिथलीच. वर्ग संपल्यावर उत्तीर्णांना द्यायचे काय, असा प्रश्न आला तेव्हा बेडन-पॉवेल यांनी दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या लाकडी मण्यांच्या एका लांबलचक माळेतले मणी काढून दिले. ती माळ झुलूंचा राजा डिनुझुलू याची होती, असे ते सांगत. ती त्यांच्या हाती नेमकी कशी आली, याबद्दल मात्र नंतरच्या काळात बरेच प्रश्न उपस्थित झाले आहेत, आणि वसाहतीच्या युद्धातून आलेल्या वस्तूबद्दल तसे प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. सुरुवातीला मणी टोपीला लावायचे असा बेत होता, तो लवकरच मागे पडून ते गळ्यातल्या चामड्याच्या दोरीत आले. मूळ मणी कमी पडू लागले तेव्हा प्रत्येकाला एकच जुना मणी देऊन दुसरा स्वतःच्या हाताने कोरून घ्यायला सांगण्यात येई. आजचे सर्व मणी अर्थातच नकला आहेत.

प्रमाणपत्राच्या दृष्टीने मण्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे गिलवेलने बसवलेली तीन टप्प्यांची घडी. पहिला टप्पा वाचनाचा आणि लेखी प्रश्नोत्तरांचा होता. दुसरा प्रत्यक्ष शिबिराचा. तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत कसोटीचा टप्पा, स्वतःच्या गावी परत जाऊन स्वतःच्या मुलांबरोबर काही महिने काम करून दाखवण्याचा. शिबिर उत्तम झाले म्हणून मणी मिळत नसत. शिबिरात शिकलेले पथकात उतरले आहे, असे कोणीतरी जाणकार माणसाने पाहून सांगितल्यावर मिळत. एखाद्या गायकाला परीक्षेच्या खोलीत राग म्हणता येतो, पण मैफलीत समोरचे श्रोते चुळबुळ करू लागल्यावर काय होते, ते मैफलीतच कळते. तिसरा टप्पा म्हणजे ती मैफल होती. पुढे वेगवेगळ्या देशांना आपापल्या परिस्थितीप्रमाणे अभ्यासक्रम आखण्याची मोकळीक मिळाली, टप्प्यांची नावे आणि संख्या बदलली, पण शिकणे आणि करून दाखवणे यांच्यामध्ये काही काळ जावा लागतो, हे तत्त्व बहुतेक ठिकाणी राहिले.

भारतात स्काउटिंग १९०९ मध्ये बंगळूरला सुरू झाले तेव्हा ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते होते. भारतीय मुलांसाठी ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांच्यासारख्या मंडळींनी वेगळ्या संघटना उभ्या केल्या, आणि स्वातंत्र्यानंतर देशातल्या स्काउट संघटना विलीन होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकच संघटना झाली. पुढच्या वर्षी गाइड संघटनाही तीत आली. त्यामुळे मुलांसाठीची आणि मुलींसाठीची जागतिक संघटना वेगवेगळी असली, तरी भारतीय संघटना दोहोंची सभासद आहे, आणि गाइड कॅप्टन बाईंनाही, म्हणजे मुलींचे पथक चालवणाऱ्या शिक्षिकेलाही, हाच हिमालय वुड बॅज मिळतो. मुलींच्या जागतिक संघटनेच्या मोजक्या केंद्रांपैकी ‘संगम’ हे केंद्र १९६६ पासून पुण्यात आहे, ही गोष्ट पुण्यातल्याही अनेकांना ठाऊक नसते. शिक्षकांच्या राष्ट्रीय पातळीवरच्या प्रशिक्षणाचे मुख्य ठिकाण म्हणजे मध्य प्रदेशातली पचमढी. सातपुड्यातले हे थंड हवेचे ठिकाण विदर्भातल्या शिक्षकांना अगदी शेजारचे.

शिक्षकाचा प्रवास साधारण असा असतो. आधी कोणत्या विभागाचे काम करायचे ते ठरते, कारण प्रत्येक विभागाचे प्रशिक्षण वेगळे आहे : प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी कब आणि मुलींसाठी बुलबुल, दहा वर्षांपासून पुढे स्काउट आणि गाइड, आणि त्यानंतर महाविद्यालयीन वयाचे रोव्हर व रेंजर. कबमास्तर होण्यासाठीचे कौशल्य स्काउटमास्तरला आपोआप येत नाही, कारण सात वर्षांच्या मुलाला गोष्टीतून आणि खेळातून शिकवायचे असते, तर चौदा वर्षांच्या मुलाला तशा गोष्टी सांगू लागलात तर तो पुढच्या आठवड्यात येतच नाही. विभाग ठरला की बेसिक कोर्स होतो. तो निवासी असतो आणि साधारण आठवडाभर चालतो. त्यानंतर शिक्षकाने शाळेत जाऊन पथक चालवायचे. मग ॲडव्हान्स कोर्स, पुन्हा पथक. आणि त्यानंतर हिमालय वुड बॅजचा टप्पा, ज्यात लेखी स्वाध्याय आणि प्रत्यक्ष कामाची तपासणी असते. सर्व पुरे झाले की ‘पार्चमेंट’ नावाचे प्रमाणपत्र, गिलवेल स्कार्फ, चामड्याचे वॉगल (स्कार्फ गळ्याशी अडकवायचे कडे) आणि ते दोन मणी मिळतात. मधल्या अटी आणि मुदती संघटना वेळोवेळी बदलत असल्याने इच्छुक शिक्षकाने आपल्या जिल्हा संघटकाकडूनच चालू नियम विचारून घ्यावेत.

बेसिक कोर्समध्ये काय चालते, ते जवळून पाहिल्याशिवाय या प्रमाणपत्राची जात कळत नाही. तिथे गेलेला शिक्षक पहिल्याच दिवशी शिक्षक राहत नाही. त्याला सहा-सात अनोळखी सहकाऱ्यांबरोबर एका पेट्रोलमध्ये टाकतात, पेट्रोलला एखाद्या पशूचे किंवा पक्ष्याचे नाव असते, झेंडा असतो, आरोळी असते. नायकपद आळीपाळीने फिरते. मी पाहिलेल्या एका कोर्समध्ये पन्नाशी ओलांडलेले एक मुख्याध्यापक आणि त्यांच्याच तालुक्यातली, नोकरीला लागून दोन वर्षेही न झालेली एक शिक्षिका एकाच वेळी शिकत होती. त्या दिवशी तिच्या गटाने स्वयंपाकघराची पाहणी करायची होती आणि या सरांच्या गटाकडे भांडी होती. पातेल्याच्या बुडाला राख राहिली म्हणून तिने ते शांतपणे परत पाठवले. मुख्याध्यापकांनी एकवार तिच्याकडे, एकवार पातेल्याकडे पाहिले आणि नळावर जाऊन बसले. रात्री शेकोटीजवळ त्यांनी स्वतःहून सांगितले, की आपण पंचवीस वर्षे मुलांना वह्या परत देत आलो, पण वही परत मिळालेल्या मुलाला कसे वाटते, ते आज पातेल्यावरून कळले. असे काही घडावे म्हणून कोर्सच्या वेळापत्रकात तास राखलेला नसतो. पण सर्वांना एकाच पातळीवर आणून बसवणारी रचना असल्याशिवाय ते घडतही नाही.

बाकी दिवस भरगच्च असतो. सकाळी तंबूची आणि परिसराची तपासणी, ध्वजारोहण, मग गाठी, बांधणी, प्रथमोपचार, नकाशा आणि होकायंत्र, काठ्या-दोऱ्यांतून चपलांच्या रॅकपासून ते भांड्यांच्या मांडणीपर्यंत वस्तू बनवणे (यांना शिबिरात ‘गॅजेट’ म्हणतात, आणि मोबाइलवाल्या पिढीला ते नाव ऐकून गंमत वाटते), दुपारी पथकाच्या नोंदी, पालकांशी व्यवहार, हिशेब, आणि रात्री शेकोटी. यातल्या क्लोव्ह हिच आणि रीफ नॉट या गाठी कोणालाही तासाभरात जमतात. अवघड जाते ते दुसरेच. स्वतःला गाठ येत असताना, न येणाऱ्या सहकाऱ्याच्या हातातली दोरी न ओढता त्याला ती बांधू देणे बहुतेक शिक्षकांना तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत जमत नाही.

कोर्सनंतरचा लेखी स्वाध्याय बाहेरच्या माणसाला कंटाळवाणा वाटेल, पण त्यातले चांगले प्रश्न परीक्षेसारखे नसतात. ‘पेट्रोल पद्धतीचे फायदे लिहा’ याचे उत्तर कोणीही कुठूनही उतरवून काढू शकतो. ‘तुमच्या पथकातल्या एखाद्या नायकाने मागच्या तीन महिन्यांत घेतलेला, तुम्हाला न पटलेला निर्णय सांगा आणि तुम्ही काय केले ते लिहा’ असे विचारले तर पथक न चालवणारा माणूस तिथेच अडतो. तपासणीस आलेला जाणकार ट्रेनरही फलक आणि फोटोंच्या अल्बमकडे फारसे लक्ष देत नाही. तो बैठक सुरू होण्याआधी दहा मिनिटे येऊन बसतो आणि सर वर्गात यायच्या आधी मुले काय करतात ते पाहतो. ‘खरी कमाई’च्या उपक्रमात, म्हणजे मुलांनी स्वतः कष्ट करून पैसे मिळवण्याच्या कार्यक्रमात, भेळेचा भाव कोणी ठरवला आणि उरलेल्या चुरमुऱ्यांचे काय केले, असे तो मुलांनाच विचारतो. मुले सरांकडे पाहू लागली तर त्याला जे कळायचे ते कळते.

दोनांपेक्षा जास्त मण्यांचाही एक अर्थ असतो. तीन मणी असलेला सहायक लीडर ट्रेनर आणि चार मणी असलेला लीडर ट्रेनर, म्हणजे इतर शिक्षकांना शिकवण्याची पात्रता मिळवलेली माणसे. खुद्द बेडन-पॉवेल सहा मणी घालत. दोन मण्यांच्या पुढचा रस्ता मात्र वेगळा आहे. तिथे मुलांचे नायक घडवण्याऐवजी मोठ्यांना घडवायचे असते, आणि उत्तम स्काउटमास्तर त्या कामात उत्तम ठरेलच असे नाही.

शाळेत याच जातीचे दुसरे प्रमाणित पद म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेचा, एन.सी.सी.चा, असोसिएट एन.सी.सी. ऑफिसर. शिक्षकांच्या खोलीत त्याला ए.एन.ओ. म्हणतात. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या संघटनेत शाळेचाच शिक्षक निवडला जातो, लष्करी पद्धतीच्या अकादमीत काही आठवड्यांचा प्री-कमिशन कोर्स करतो आणि त्याला पद मिळते : शाळेच्या विभागात थर्ड ऑफिसरपासून सेकंड, फर्स्ट आणि चीफ ऑफिसरपर्यंत, तर महाविद्यालयात लेफ्टनंटपासून पुढे. यातली एक अकादमी नागपूरजवळ कामठीला आहे आणि ग्वाल्हेरची अकादमी प्रामुख्याने महिलांसाठी म्हणून ओळखली जाते. कोर्स न झालेला शिक्षक तोवर ‘केअरटेकर’ म्हणून काम पाहतो. दोन्ही प्रमाणपत्रे शेजारी ठेवली तर फरक चटकन दिसतो. ए.एन.ओ.ला दर्जा आहे, मानधन आहे, त्याच्यामागे लष्करी बटालियनची यंत्रणा आहे आणि कवायतीचे ठरलेले प्रमाण आहे. स्काउट शिक्षकाकडे यातले जवळजवळ काहीच नाही. त्याच्या प्रमाणपत्राची किंमत जवळपास सर्वस्वी त्याच्या पथकात दिसते, म्हणून ते अधिक नाजूक आहे आणि अधिक सहज पोकळही होते.

ते पोकळ होते, हे लपवण्यात अर्थ नाही. अनेक शाळांत या कामासाठी शिक्षकाची निवड आवडीने होत नाही. जो सर्वांत शेवटी रुजू झाला किंवा ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचे नाव यादीत जाते. कोर्सचे पत्र ऐन सहामाहीच्या पेपर तपासणीत येते. कोर्स करून आलेला शिक्षक दोन वर्षांत बदलून जातो, त्याच्या जागी आलेल्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि तोवर पथक २६ जानेवारीच्या संचलनापुरते उरते. तिसरा टप्पा, म्हणजे प्रत्यक्ष कामाची तपासणी, नेमकी इथेच सैल पडते, कारण जिल्ह्यात ट्रेनर थोडे आणि पथके फार. अशा वेळी स्वाध्यायाच्या वह्या एकमेकांच्या पाहून लिहिल्या गेल्या तर आश्चर्य वाटत नाही. प्रमाणपत्र खोटे नसते, पण त्याच्यामागचे पथक मात्र नसते.

अलीकडे या पात्रतेत एक आवश्यक भर पडली आहे, ती मुलांच्या सुरक्षिततेची. जागतिक स्काउट संघटनेचा ‘सेफ फ्रॉम हार्म’ नावाचा उपक्रम आहे आणि जागतिक जांबोरीला, म्हणजे जगभरच्या स्काउटांच्या मेळाव्याला, जाणाऱ्यांना त्याचे ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. आपल्याकडे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा शिबिरालाही शाळेइतकाच लागू होतो. रात्रीच्या मुक्कामात एका प्रौढाने एका मुलाबरोबर एकट्याने न राहणे, मुलींच्या शिबिरात महिला कॅप्टन असणे, तक्रार कोणाकडे करायची हे मुलांना आधीच ठाऊक असणे, या गोष्टी गाठी आणि शेकोटीइतक्या रंगतदार नाहीत, पण प्रशिक्षित शिक्षकाला त्या येत नसतील तर त्याच्या मण्यांकडे पाहू नये.

तेव्हा एखाद्या शाळेत मुलाला घालताना पालकाने, किंवा नवा शिक्षक नेमताना संस्थेने, प्रमाणपत्राची प्रत पाहिल्यावर पुढे काय पाहावे? पथक दर आठवड्याला भरते का, हे विचारता येईल. मागच्या वर्षी मुक्कामाचे शिबिर झाले का, तेही. पण माझा अनुभव असा, की सर्वांत उपयोगी कागद कपाटातल्या एका साध्या शंभर पानी वहीत असतो. ती कोर्ट ऑफ ऑनरची इतिवृत्ताची वही. ती मागून घ्यावी आणि मजकूर वाचण्याआधी अक्षर पाहावे : सरांचे वळणदार, की आठवीतल्या चिटणिसाचे, काना-मात्रा चुकलेले, मधेच पेन बदललेले, आणि शेवटी ‘उसन्या घेतलेल्या टोपाचे झाकण हरवले, ते राजूच्या पेट्रोलने भरून द्यावे असे ठरले’ अशी नोंद असलेले.